देवचाराच्या नावावर

शेठनी माझं लायसन्स एकदाच पाहिलं, नोकरीला लागलो त्या दिवशी. जड वाहनाचा शिक्का आहे, मुदत शिल्लक आहे, एवढं बघून त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "कोणालो पूत तूं?" मी वडिलांचं नाव सांगितलं. पेडण्याच्या कुठल्याशा जत्रेत वडिलांची त्यांची ओळख झाली होती. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

कारखाना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत होता. पुठ्ठ्याचे खोके करायचा. शेठ मूळचे फोंड्याकडचे, देवभोळे, माणसांना धरून राहणारे. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती, आमच्या बसवर अजून गोवा-दमण-दीवच्या वेळचा जुना जीडीटी नंबर होता आणि बसमध्ये कोकणी-मराठीचा वाद रोज नव्याने पेटायचा. मी त्याआधी बरीच वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. त्या धुळीत आणि घाईत माझ्या हातून एकही अपघात झाला नव्हता, याचा मला अभिमान होता. हिशेबाची मला लहानपणापासून आवड. शाळा मराठी, गणितात पहिला. डिझेल किती भरलं, गाडी किती चालली, लिटरला किती पडले, हे मी कोणी मागितलं नाही तरी काढायचो.

कारखान्याच्या कामगारांना ने-आण करायला तीन बस होत्या. एक मयेकडची. उरलेल्या दोन लाटंबार्शाच्या रस्त्याने जायच्या. त्यांतली एक दोडामार्गापर्यंत जाऊन परतायची. तिच्यावर बेळगावकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. दुसरी, पुढे पेडण्याच्या गावांपर्यंत जाणारी, माझ्याकडे. माझ्या गाडीत पेडण्याचे, लाटंबार्शाचे लोक असत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी कोल्हापूर-बेळगावकडची माणसंही असत. स्टोअर सांभाळणारे एक वयस्क काका माझ्याच गाडीतून यायचे. त्यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाराणं घालायचा मान होता. म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचं ते त्यांनी.

लाटंबार्सं सोडल्यावर काजूच्या बागायतीत एक मोठं वळण आहे. वळणावर एका जुन्या किंदळीच्या झाडाखाली देवचाराची जागा. देवचार म्हणजे सीमेचा राखणदार. हातात काठी, पायांत वहाणा, चुकल्या वाटसरूला घरापर्यंत पोचवतो, असं आम्ही मानतो. त्याला विडी लागते, सोरो म्हणजे दारू लागते, रोट लागतो. तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि खिडकीतून एक विडी टाकतो. मीही टाकायचो. माझी श्रद्धा तेव्हाही होती, आजही आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी देवचाराविरुद्ध लिहितो आहे. तसं नाही. जे त्याच्या नावावर घातलं गेलं, त्याबद्दल लिहितो आहे.

पहिली गोष्ट शिमग्याच्या आधीची. संध्याकाळची सुटी करून गाडी परत चालली होती. ते वळण घेतलं की गाडीचं तोंड नेमकं पश्चिमेला होतं. सूर्य समोर उतरलेला. काचेवर सगळं पांढरं झालं, जणू दुधाचा हात फिरवला. मी अंदाजाने स्टिअरिंग वळवलं आणि गाडीची डावी बाजू मोरीच्या कठड्याला मागपर्यंत घासत गेली. कोणाला लागलं नाही. मी खाली उतरलो. पत्रा चेपला होता, रंग निघाला होता. मी तोंड उघडायच्या आत काका मागच्या दाराने उतरले, झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, "जागो वायट रे बाबा. तुजी काय चूक नाय. कोणाची तरी इडी चुकली आसतली."

सगळे हो हो म्हणाले. एका बाईने लगेच सुटे पैसे जमवले आणि दुसऱ्या दिवशी तिथे नारळ वाढवला.

मला तेव्हा लाज वाटली नाही. हायसं वाटलं.

कारखान्यात विम्यासाठी अपघाताची नोंद ठेवायचे. त्यात कारणाचा रकाना असे : गाडीचा दोष की चालकाचा दोष. आमच्या ऑफिसने त्यात स्वतःचा तिसरा प्रकार काढला होता : जागा. माझ्या नावापुढे 'जागा' लिहिलं गेलं. शेठनी मला बोलावलंसुद्धा नाही. आवारात भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भिऊं नाका. जाग्याचें काम तें."

दुसऱ्या वेळी उन्हाळ्यात, त्याच वळणावर, उभ्या असलेल्या एका टेम्पोचा आरसा माझ्या गाडीने उडवला. टेम्पोवाला शिव्या द्यायला उतरला, झाड बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. या वेळी शेठनी स्वतः नारळ पाठवला. कारण : जागा.

तिसऱ्या वेळी माणूस होता.

चवथ, म्हणजे गणपती, होऊन गेली होती. पाऊस सरत आला होता, ऊन परत स्वच्छ पडू लागलं होतं. आमच्या भागात संध्याकाळचा पाव घेऊन सायकलवरून पोदेर यायचा. मागे वेताची भली मोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा. तो समोरून सावलीच्या बाजूने येत होता. भोंगा मला ऐकू आला. सायकल दिसली नाही. गाडीचा कोपरा टोपलीला लागला आणि तो सायकलसकट गटारात गेला. उंडे, पोये, सगळा पाव तांबड्या चिखलात पसरला. माणसं धावली. गाडीतल्या बाया आधी पाव गोळा करायला लागल्या, फुंकर मारून मारून टोपलीत ठेवायला लागल्या. पोदेर गटारात बसून होता, त्याचा उजवा हात भलत्याच ठिकाणी वाकला होता आणि तो त्या बायांना सांगत होता, "रावूं दी गे, रावूं दी."

त्याला आम्ही त्याच बसमधून डिचोलीच्या इस्पितळात नेलं. गाडी बेळगावच्या ड्रायव्हरने चालवली, तो मागून येऊन पोचला होता. मी हादरलो होतो म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

काही दिवसांनी पोदेर प्लास्टरातला हात गळ्यात बांधून कारखान्याच्या गेटवर आला. मी ऐकून घ्यायच्या तयारीने बाहेर गेलो. तो किरिस्तांव, माझ्याहून थोडा मोठा, बुटका आणि बोलका माणूस. म्हणाला, "ड्रायवर, तूं मनाक लावन घेवं नाका. तुजो दोश ना. तो जागोच तसो. आमचे पाद्रीय सांगतात, थंय खुरीस काडून वचूंक जाय." त्याने डाव्या हाताने क्रॉसची खूण करून दाखवली, त्याच हाताने माझीच पाठ थोपटली आणि तो निघून गेला. मी गेटवर उभा राहिलो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

त्याच आठवड्यात शेठनी काकांना माझ्या घरी पाठवलं. माझ्याशी बोलायला नव्हे. मी कामावर असताना, माझ्या बायकोशी बोलायला. आमच्याकडे मालक लोकांची ही रीत होती आणि तीत त्यांचा आदरच असे : नोकराला ऑफिसात उभं करून विचारायचं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून घरी निरोप पाठवायचा. काकांनी तिला विचारलं, "बायो, घरात काय राहिलां काय? कुळदेवाचो नवस, आंगवण, काय? एका जाग्यार तीनदा म्हणजे काय तरी आसा."

संध्याकाळी घरी आलो तर ती रडून बसली होती. तिला आठवलं होतं, की धाकट्या मुलीच्या आजारपणात तिने ओटी बोलली होती आणि ती दोन वर्षं उशिरा भरली होती. तीन अपघातांचं कारण तिने आपल्याकडे घेतलं होतं.

मी म्हटलं, "वेडी काय तू? ओटी भरलीस ना?"

"भरली. पण उशिरा."

"मग झालं."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एक इचारू? रागावनां नाय मां?"

"विचार."

"तुमका दिसता मां नीट? काल चाय तुमी कपाच्या भायर ओतलास."

एवढ्या सगळ्यात मला हा प्रश्न विचारणारी ती एकटी. आणि मी तिच्यावर ओरडलो. दिवे मंद आहेत, तुम्ही कप कुठेही ठेवता, मी आयुष्यभर गाडी चालवली आहे, वगैरे. तिने कप उचलला आणि आत गेली. मला माहीत होतं. वर्षभर दिव्यांभोवती मला कडी दिसत होती, जशी पावसाळ्यात चंद्राभोवती दिसतात. समोरून गाडी आली की तिचे दोन दिवे एकात एक मिसळायचे. मी रस्ता पाठ होता म्हणून चालवत होतो. लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागला होता, तोही आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी "बरो आसा मां?" एवढं विचारून सही करून दिला होता.

त्यानंतर मी एक हिशेब मांडला. कागदावर नाही, गाडी चालवताना मनात. बेळगावचा ड्रायव्हर त्याच वळणावरून माझ्याइतक्याच वेळा जातो. झाड तेच, देवचार तोच, विडीसुद्धा आम्ही एकाच दुकानातून घेतो. त्याच्या गाडीला ओरखडा नाही. सकाळी मीही त्याच वळणावरून येतो, सकाळी काही होत नाही. जे जे दोन्हीकडे सारखं आहे ते कापून टाकलं, तर बाकी राहतं ते म्हणजे मी आणि संध्याकाळ. चौथीतल्या मुलाला सुटेल असं गणित.

मला सुटलं, तरी मी गप्प. पण ते दुसऱ्या कोणाला तरी सुटलंच.

माझ्या गाडीत कोल्हापूरकडची एक बाई होती. खोके चिकटवायच्या विभागात कामाला, नवरा बांधकामावर, तोंडाने फटकळ. एका संध्याकाळी वळण जवळ आलं, मी विडी टाकली, आणि ती मागून म्हणाली, "काय ओ डायवरमामा, एक इचारते. तुमचा द्येव आमच्याच गाडीवर का रागावतोय? त्या बेळगाववाल्याला तर हातबी लावत न्हाई."

कोणीतरी म्हणालं, "तो तरणो मगो, देवाक तरणे आवडतत."

"मग आमीबी तरण्याच्या गाडीत बसतो उद्यापासनं!"

बस हसली. मीही हसलो. आरशात मला ती दिसत होती. ती हसत नव्हती. रस्ता ओलांडताना पोरीचा धरावा तसा तिने बाजूच्या बाईचा हात घट्ट धरला होता आणि वळण संपेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, "शेठ, संध्याकाळच्या गाडीवर दुसरा माणूस बघा. मला सांजेचं बरोबर दिसत नाही."

शेठनी आधी दार लावलं नाही. पहिली चूक ती, आणि माझा आवाज तेवढ्याने अर्धा झाला. ते म्हणाले, "कितें दिसना? तुजें लायसन आसा न्हय? तारीख आसा न्हय?"

"आहे."

"मागीर? दिवाळेची ऑर्डर आसा. मिठायेच्या खोक्यांची. आतां हांव ड्रायवर खंयचो हाडूं?" मग ते जवळ आले आणि खरोखरच्या मायेने हळू बोलले, "हें असलें भायर उलोवं नाका. लायसन वतलें तुजें. मागीर घर कशें चलतलें? आमी सगळीं मेळून गाराणें घालया. बरें जातलें."

लायसन्स गेलं तर मी कोण? घरात दोन मुली, एक दहावीला. दुसरं काही काम मला येत नव्हतं. मी मान डोलावली आणि बाहेर आलो. खरं सांगायचं तर मी सुटलो असंच वाटलं. मी बोललो होतो, मालकाने ऐकलं नव्हतं, आता जबाबदारी त्याची. या समजुतीवर मी पुढेही गाडी चालवली, भरलेली. संध्याकाळी वळणावर आलो की पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ चालत. लोकांना वाटायचं, ड्रायव्हरची श्रद्धा वाढली.

गाराण्याचा दिवस ठरला. कारखाना लवकर सोडला. दोन्ही बस वळणाअलीकडे उभ्या केल्या, मागे शेठची गाडी. झाडाखाली केळीच्या पानावर रोट, नारळ, विड्यांचा जुडगा, बाटलीत काजूचा सोरो. माणसं अर्धगोलात उभी राहिली. मला काकांनी पुढे, अगदी दगडासमोर उभं केलं.

बेळगावचा ड्रायव्हर माझ्या कानात पुटपुटला, "दादा, तुमच्या देवाची राजभाषा कुठली की? कोकणी का मराठी? चुकीच्या भाषेत मागितलं तर मोर्चा काढील."

"गप रे."

"मी आपला मारुतीवाला. मला ह्यो ओळखत बी नाही, म्हणून सोडतोय."

काकांनी डोक्याला पंचा बांधला, हात जोडले आणि आवाज चढवला. त्या आवाजात ते स्टोअरमधले काका राहत नसत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या सीमेच्या धन्या, आज तुजी लेकरां तुज्या पांयाकडे इल्यात!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका नारळ, रोट, सोरो, इडी जी काय दिल्यात, ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणत होतो. सूर्य खाली आला होता, झाडाच्या फांद्यांतून माझ्या डोळ्यांवर येत होता आणि दगडाच्या जागी मला एक पांढरट ढीग दिसत होता. माझ्या मागे दोन बसभर माणसं होती. गाराण्यात 'व्हय' म्हणणं म्हणजे आमच्यात सही करण्यासारखं. ते नुसतं तोंडाने म्हणायचं नसतं.

"ह्या ड्रायवरान काय एक गुन्हो करूक नाय! ह्याची काय एक चूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हणालो नाही. काकांनी माझ्याकडे तिरकं बघितलं. ज्याच्यासाठी गाराणं, त्याने म्हणायलाच हवं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, मला सावरून घ्यायला.

"ह्याची काय एक चूक नाय!"

"नाय म्हाराजा," मी म्हणालो. "चूक माजी आसा. माका सांजेचा दिसणा नाय."

मागे कोणीतरी सवयीने "व्हय" म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. गाराणं मोडणं म्हणजे काय, ते आमच्या गावात वाढलेल्यांनाच कळेल. काकांचे जोडलेले हात तसेच राहिले. शेठ पुढे आले, "कितें उलयता तूं? हांगां? देवामुखार?"

"देवामुखार म्हणूनच," मी म्हटलं. "पोदेर मला दिसला नाही. टेम्पो दिसला नाही. कठडाही नाही. वर्ष झालं."

तेव्हा गलका झाला. लाटंबार्शाचा एक जण ओरडला, "मगे आमका घेवन कित्याक फिरलंस रे? आमी काय बळीचे कोंबे?" एक बाई रडायला लागली, उगीच, झालेल्या गोष्टीसाठी नव्हे, न झालेल्या गोष्टीसाठी. मी मान खाली घालून उभा होतो. लाज अंगभर येते म्हणतात, ती मला टाचांपर्यंत आली होती. मला वाटलं होतं खरं बोललं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट प्रत्येक चेहरा माझ्याकडे बघून मागचे दिवस मोजत होता, आपण कितीदा याच्या मागे बसलो ते.

कोल्हापूरची बाई पुढे आली. मला वाटलं, आता ती बोलेल ते ऐकावं लागणार. ती फक्त म्हणाली, "मामा, चावी त्यांच्याकडं द्या." आणि बेळगावच्या ड्रायव्हरकडे बोट केलं.

मी चावी दिली. काकांनी पंचा सोडला, पुन्हा बांधला, आणि दगडाकडे वळून साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, "म्हाराजा, आयकलंस मां तू?" त्याला 'व्हय' म्हणायचं की नाही कोणाला कळेना.

त्या दिवशी बेळगावच्या ड्रायव्हरने दोन्ही गाड्यांच्या फेऱ्या केल्या. मी माझ्याच बसमध्ये दोघांच्या बाकावर बसलो. शेजारची जागा रिकामी राहिली, माणसं उभी होती तरी.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं आणि या वेळी दार लावलं. आधी रागावले : चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस, लोक म्हणतील मालकाला माहीत होतं. मी म्हटलं, "माहीत होतं, शेठ." त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली. मग त्यांनी कुठल्याही ड्रायव्हरला आजवर न विचारलेला प्रश्न विचारला : "कसें दिसता तुका? सारकें सांग." मी कडी, दूध, मिसळणारे दिवे, सगळं सांगितलं. त्यांनी मला त्याच दिवशी म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "या वयात कमी जणांना होतो, पण होतो. ऑपरेशन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नंतर बघू."

शेठनी मला काढलं नाही. गॅरेजमध्ये टायर-डिझेलचं काम दिलं, ते मला जमण्यासारखं होतं. पुढे नोंदीतला 'जागा' हा प्रकार त्यांनी बंद केला. दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासायला सुरुवात केली. ओरखडा लहान असो की मोठा, ड्रायव्हरला एकट्याला बसवून विचारायचं : वेळ कुठली, उजेड कसा, काय दिसलं, झोप झाली होती का, आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी जाणार नाही हे आधी सांगायचं. मला विचाराल तर एवढंच करायचं असतं आणि ते पहिल्या ओरखड्याला करायचं असतं. त्या वेळी पत्र्यावर भागतं. शेठची माया खोटी नव्हती. पण मायेने त्यांनी मला न विचारता माफ केलं, आणि न विचारता मिळालेली माफी मी घेतली. बेळगावचा ड्रायव्हर अजून म्हणतो, "दादा, शाळेत वाचली नाहीत तेवढी अक्षरं तुमच्यामुळं डॉक्टरकडं वाचाय लागतात."

राहिला पोदेर. तो काही गाराण्याला आला नव्हता, त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी एकदा मी लाटंबार्शात उतरलो तेव्हा कळलं, की वळणापलीकडच्या वाड्यांवर संध्याकाळचा पाव येणं बंद झालं आहे. हात बरा झाला तरी पोदेर तिकडे जात नाही. मी विचारत विचारत त्याच्या घरी गेलो. घरालाच लागून भट्टी, दाराशी सायकल उभी. हात किंचित वाकडाच बसला होता. त्याने मला स्टूल दिलं आणि आत हाक मारून चहा सांगितला.

मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. वळण, सूर्य, डोळे. भोंगा ऐकू आला होता हेही.

तो ऐकत राहिला. त्याचा बोलकेपणा हळूहळू गेला.

"म्हणजे देवचार न्हय?"

"नाही."

"हांव पडलों तो... म्हज्या पातकाक लागून न्हय?"

"तुझं कसलं पाप? तू आपल्या बाजूने येत होतास."

तो उठला, भट्टीचं दार उगाच उघडून बघितलं, परत लावलं. माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "इतले म्हयने," तो म्हणाला, "हांव सोदतां, हांवें कितें केलें म्हणून. भावाकडे झगडलों तें, बापायक इस्पितळांत व्हरूंक उशीर केलो तें. एकेक पातक पाद्रीमुखार कबूल करतां. दर आयतारा म्हजी बायल म्हाका कुमसाराक धाडटा. म्हणटा, आनीक कितें तरी आसतलें, याद कर." त्याचा आवाज चढला. "आनी तूं गेटीर उबो आशिल्लो! हांवें तुजी फाट थापटली! तेन्ना तोंड ना आशिल्लें तुका?"

मी म्हटलं, "होतं."

मी माफी मागितली, ती त्याने घेतली नाही, नाकारलीही नाही. आतून भांडी हलल्याचा आवाज आला. त्याने तिकडे मान केली.

"म्हाका सांगलें तें पुरो ना," तो म्हणाला. "तिका सांग वच. म्हज्या तोंडांतलें ती सत मानची ना."

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. त्याची बायको पाठमोरी पीठ मळत होती, कोपरापर्यंत हात पिठात. चाहूल लागून तिने वळून बघितलं, मला ओळखलं नाही, आणि म्हणाली, "पाव अजून जावंक ना रे बाबा, मातसो राव."

मी म्हटलं, "पावासाठी नाही आलो, बाये. मी बसचा ड्रायव्हर."